माथ्यांचा नकाशा आणि घळीची वाट

बंगळूरहून गंडीकोट्याच्या किल्ल्याला निघालेली पोरं पाठीवर सॅक आणि हातात मोबाइलचा नकाशा घेऊन बसमध्ये चढतात. देशाची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्बटनच्या कामाची सुरुवात त्यांच्याच शहरालगत झाली, हे मी दरवेळी सांगतो, ऐकतं कोण! टिपू पडल्याच्या पुढच्याच वर्षी, 1800 साली, लॅम्बटननं बंगळूरजवळ त्रिकोणांसाठी सुमारे सात मैलांची आधाररेषा मोजली. साखळी पोलादी, शंभर फुटी, चाळीस कड्यांची. ती आधी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. त्यानं नाकारली आणि कलकत्त्यामार्गे ती लॅम्बटनच्या हाती आली. 1804 मध्ये बंगळूरला पुन्हा मोजणी झाली, 1811 मध्ये गुत्तीला. हो, तीच मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची गुत्ती.

गुत्तीहून गंडीकोटा फार लांब नाही. पण लॅम्बटनची सगळी पद्धत माथ्यांची: एका डोंगरावर निशाण, दुसऱ्यावर कोन मोजायचा थिओडोलाइट. माथ्याला माथा दिसला की त्रिकोण जुळला. गंडीकोट्याशी पेन्ना नदीनं लाल क्वार्टझाइट कापून केलेल्या घळीत उतरायचं कुठून, हे त्या त्रिकोणांना कसं कळणार?

तपशील पुढच्या सर्वेक्षणांनी भरले. गंडीकोटा आज 57 जे/5 या टोपोशीटवर येतं. 1:50,000 प्रमाण, समोच्च रेषांत वीस मीटरांचं अंतर. कड्याशी त्या रेषा एकमेकींना चिकटून तपकिरी फरकाटा होतो, आणि जिथे सुट्या दिसतात तिथेही दोन रेषांच्या मधे पंधरा मीटरांचा सरळ तुटका कडा बेमालूम लपतो. दोर नसेल तर तिथून मुकाट्यानं परत वर चढायचं.

किल्लेदारांना अर्थात अडचणीचीच वाट हवी होती. 1652 मध्ये गोवळकोंड्याच्या मीर जुमल्याला भेटायला आलेल्या फ्रेंच प्रवासी ताव्हर्निएनं गडाची वाट काही ठिकाणी जेमतेम सात-आठ फूट रुंद असल्याचं लिहून ठेवलंय. ती झाली राजरस्त्याची गोष्ट. घळीतल्या वाटा शेळ्यांच्या. दगडाची धार खुरांनी गुळगुळीत झालेली आणि लेंड्या ताज्या असतील, तर वाट चालू आहे. लेंड्या वाळलेल्या असतील तर आधी गुराख्याला विचारावं. शेळी चढते तिथे सॅकवाला माणूस चढेलच असं नाही, हेही तोच सांगतो. शिवाय खाली मैलावरमचं धरण झाल्यापासून घळीत पाणी तुंबतं. नदीकाठानं चालत जायचा बेत असेल, तर टोपोशीटवरचं सर्वेक्षणाचं साल आधी बघावं.