कायदा, कुलूप आणि मतदार

राज्यकारभार ज्यांच्या हातीं सोंपविला, त्यांनींच कचेऱ्यांना कुलुपें घालावीं, हा प्रकार आपल्याकडील माणसास विलक्षण वाटेल. परंतु १ ऑक्टोबर २०१३ रोजीं अमेरिकेंत तसें घडलें आणि तें १६ दिवस चाललें. वादाचें मूळ होतें एका आरोग्यविषयक कायद्यांत. मतदार त्या कायद्याच्या विरुद्ध आहेत, असें एका पक्षाचें म्हणणें होतें. आणि तें अगदींच खोटें नव्हतें. तरीहि मतदारांनीं दोष दिला तो त्याच पक्षाला. असें कां झालें, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम हें कुलूप लागतें कसें, तें सांगितलें पाहिजे. आपल्या लोकसभेनें सरकारची खर्चाची मागणी फेटाळली, तर मंत्रिमंडळच पायउतार होतें; आणि अंदाजपत्रकास उशीर लागला, तर लेखानुदानावर काम चालतें. अमेरिकेंत अध्यक्षाची निवड वेगळी व विधिमंडळाची वेगळी. तेथील विधिमंडळास काँग्रेस म्हणतात; प्रतिनिधिसभा व सीनेट हीं त्याचीं दोन सभागृहें. तिजोरीची किल्ली त्यांच्या हातीं असते. पण त्यांनीं पैसा नाकारला म्हणून अध्यक्षास आपली जागा सोडावी लागत नाहीं. दोन्ही बाजू हटून बसतात आणि मध्यें कारभार अडतो. पूर्वीं अशा वेळीं कचेऱ्या बहुधा चालूच राहत. १९८० सालीं तेथील ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनीं एकोणिसाव्या शतकांतील एका कायद्याचा कठोर अर्थ लावून, मंजुरी नाहीं तर काम नाहीं, असा अभिप्राय दिला. आणि पक्षांच्या हातीं एक नवें हत्यार आलें.

आतां कायद्याकडे वळूं. सर्वांना आरोग्यविमा मिळावा, ही मागणी तेथें जुनीच. १९४५ सालीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं ती काँग्रेसपुढें ठेविली. पण डॉक्टरांच्या संघटनेच्या कडव्या विरोधापुढें ती टिकली नाहीं. १९६५ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं वृद्धांसाठीं मेडिकेअर ही योजना आणिली, तेव्हां कायद्यावर सही करण्याकरितां ते मुद्दाम ट्रुमन यांच्या गांवीं गेले. परंतु वृद्ध नव्हेत आणि अगदीं दरिद्रीहि नव्हेत, अशीं कोट्यवधि माणसें विम्यावांचून राहिलींच. त्यांच्याकरितां अध्यक्ष ओबामा यांनीं २३ मार्च २०१० रोजीं नव्या कायद्यावर सही केली. आधींपासून आजार आहे म्हणून विमा नाकारतां येणार नाहीं. २६ वर्षांपर्यंतच्या मुलांस आईबापांच्या विम्यांत राहतां येईल. कमी मिळकतीच्या लोकांस हप्त्यासाठीं सरकार साहाय्य देईल. आणि त्याच्या बदल्यांत प्रत्येकानें विमा घ्यावा, न घेतल्यास दंड भरावा, असा त्याचा सांगाडा होता. प्रतिनिधिसभेंत तो २१९ विरुद्ध २१२ मतांनीं संमत झाला. रिपब्लिकन पक्षाच्या एकाहि सभासदानें त्यास मत दिलें नाहीं.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ६३ जागा अधिक मिळवून त्या पक्षानें प्रतिनिधिसभा जिंकली. परंतु २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं कायद्याचा गाभा वैध ठरविला, आणि ओबामाहि पुन्हा निवडून आले. सरळ वाट खुंटली, तेव्हां तिजोरीच्या किल्लीची आठवण झाली. या कायद्याचा पैसा तोडा, नाहीं तर सरकारचा खर्च मंजूर होणार नाहीं, अशी अट पुढें आली.

मतदार काय म्हणत होते? सप्टेंबर २०१३ मध्यें सीएनबीसी या वृत्तवाहिनीनें लोकमताची चाचणी घेतली. निम्म्या लोकांना ‘ओबामाकेअर’ हें टोपणनांव सांगून विचारलें, तेव्हां ४६ टक्के विरुद्ध निघाले. उरलेल्यांना कायद्याचें खरें नांव सांगितलें, तेव्हां ३७ टक्के. पुढें २०१४ सालीं केंटकी राज्यांतहि असाच अनुभव आला. त्या राज्यानें याच कायद्याखालीं उघडलेल्या विमाबाजारास ‘कायनेक्ट’ असें नांव दिलें होतें. तेथील एका चाचणींत ५७ टक्के मतदार ओबामाकेअरविषयीं प्रतिकूल होते, कायनेक्टविषयीं मात्र अवघे २२ टक्के! लोक मूर्ख होते, असा याचा अर्थ नव्हे. नांव ऐकून माणूस बहुधा आपला पक्ष सांगतो. वस्तु हातीं आली म्हणजे आपली गरज सांगतो.

त्याच सप्टेंबरच्या चाचणींत आणखी एक प्रश्न होता. सरकार बंद पडणार असेल व देशाचें देणें थकणार असेल, तरीहि या कायद्याचा पैसा तोडावा काय? ५९ टक्के लोक नको म्हणाले. होय म्हणणारे १९ टक्केच होते. विरोधी पुढाऱ्यांनीं पहिलें उत्तर कान देऊन ऐकलें. हें दुसरें ऐकलें नाहीं.

सीनेटर टेड क्रूझ यांनीं २१ तासांहून अधिक वेळ उभें राहून भाषण केलें. अखेर १ ऑक्टोबर उजाडला आणि सुमारें ८ लाख सरकारी नोकर घरीं बसले. बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या रुग्णालयांत नव्या उपचारांच्या प्रयोगांसाठीं दर आठवड्यास सुमारें २०० रुग्ण दाखल होत. त्यांत ३० मुलें असत, आणि बहुतेक मुलांना कर्करोग झालेला असे. त्यांतील बहुतेकांस थांबावयास सांगण्यांत आलें. आणि ज्या कायद्यापायीं हें सारें चाललें होतें, त्याचा बहुतेक खर्च वार्षिक मंजुरीवर अवलंबून नसल्यामुळें त्याचा विमाबाजार नेमका त्याच दिवशीं उघडला! त्याचें संकेतस्थळ आरंभींच कोलमडलें. पण विरोधकांना त्या फजितीचा लाभ घेतां आला नाहीं, कारण देशाचें लक्ष कुलुपांकडे होतें. त्या महिन्यांतील एका चाचणींत ५३ टक्क्यांनीं रिपब्लिकन पक्षास दोष दिला, ३१ टक्क्यांनीं ओबामांस. १६ ऑक्टोबरच्या रात्रीं सीनेटनें ८१ विरुद्ध १८ व प्रतिनिधिसभेनें २८५ विरुद्ध १४४ मतांनीं खर्च मंजूर केला. कायदा जवळजवळ जसाच्या तसा राहिला.

गोष्ट येथें संपती, तर ती बोधकथा झाली असती. परंतु इतिहास इतका सरळ नसतो. अवघ्या वर्षानें, नोव्हेंबर २०१४ मध्यें, मतदारांनीं त्याच रिपब्लिकन पक्षास सीनेटहि दिली. कुलुपांचा राग तोंवर विरून गेला होता. २०१७ सालीं अध्यक्ष व दोन्ही सभागृहें त्या पक्षाचींच होतीं. तेव्हां कायदा मोडण्याचा मोठा प्रयत्न झाला. २८ जुलैच्या पहाटे सीनेटमध्यें तो ४९ विरुद्ध ५१ मतांनीं फसला. स्वपक्षाविरुद्ध गेलेल्यांत जॉन मॅकेन होते. चमत्कार असा कीं, कायदा जाणार असें दिसूं लागलें, त्याच वर्षीं चाचण्यांतून त्याचे अनुकूल लोक प्रतिकूलांहून अधिक झाले.

२०२५ सालीं भूमिका उलटल्या. २०२१ पासून वाढविलेलें हप्त्याचें साहाय्य वर्षअखेर संपणार होतें. तें चालू ठेवा, या मागणीसाठीं आतां डेमोक्रॅटिक पक्षानें सीनेटमध्यें खर्चाची मंजुरी अडविली. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, असे ४३ दिवस कारभार अडला. आणि मागणी पदरांत न पडतांच तो सुरू झाला. हेतु उलटा होता, हत्यार तेंच.

श्रोतेहो, मतदारास प्रश्न दोन विचारावे लागतात. तुला काय हवें, हा पहिला; त्यासाठीं काय गमवावयास तूं तयार आहेस, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मोठ्यानें मिळतें म्हणून दुसरा विचारावयाचाच नाहीं, ही चूक पुढाऱ्यांची. पण नांव ऐकूनच मत द्यावयाचें, आणि दिलेला दोष वर्षभरांत विसरावयाचा, ही चूक कोणाची? आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज त्या देशांत नांदतात. त्यांच्या विम्याचा हप्ता याच वादांतून ठरतो. परंतु हा प्रश्न तेवढ्यापुरता नाहीं. मत देण्याचा अधिकार जेथें जेथें आहे, तेथें तो आपल्याहि दारीं उभा आहे. त्याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्याशींच द्यावें, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.