१९२.१६८.१.१ची कुळकथा

जव्हारचा पिनकोड ४०१६०३, मोखाड्याचा ४०१६०४. पहिला ४ पश्चिमेकडचा विभाग सांगतो, ४०१ने टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि उरलेले तीन आकडे पत्राला पोस्ट ऑफिसच्या दारात नेऊन सोडतात. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत देशभर सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची अनेक गावं आणि पाकिटावरच्या नाना लिप्या यांतून वाट काढायची, तर प्रत्येक भागाला त्याचा एकट्याचा आकडा हवा, हे त्यांनी ओळखलं. ४०१६०३ भारतात आणखी कुठे सापडणार नाही, म्हणून तर त्याचा उपयोग.

आता जव्हारमधल्या एखाद्या घरातला राउटर उलटा करून त्याच्या पाठीवरचं लेबल वाचा. अनेकदा तिथे १९२.१६८.१.१ असं छापलेलं असतं. खोडाळ्यातल्या राउटरवर हाच आकडा, नाशकात हाच आणि जगभरातल्या कोट्यवधी घरांतही हाच. पत्ता म्हणवणारा आकडा इतक्या घरांना सारखाच कसा? ही चूक नव्हे, विचारपूर्वक केलेली तडजोड आहे. तिची गोष्ट माहीत असली, की घरातल्या प्रिंटरला, कॅमेऱ्याला, टीव्हीला आकडे नेमून देणं फारसं अवघड राहत नाही.

१९६९मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे संगणकांचं जाळं सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत संगणकाचा पत्ता आठ बिटांत मावत असे. सहा बिट जोडणीच्या यंत्रासाठी, दोन त्या यंत्राला लावलेल्या संगणकासाठी. म्हणजे आधी ठिकाण, मग त्या ठिकाणचा नेमका संगणक, पिनकोडमागचीच रीत. योगायोग असा, की वेलणकरांची पद्धत लागू होण्याच्या काही महिने आधी, मे १९७२मध्ये, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या जॉन पोस्टेल या विद्यार्थ्याने एक छोटं टिपण काढलं. जोडण्यांसाठी जो तो मनाला येईल तो आकडा वापरतो आहे, तेव्हा अधिकृत आकडे वाटायला कुणीतरी एक माणूस नेमा, असं त्यात सुचवलं होतं, आणि तो माणूस मीच होऊ का, असंही विचारलं होतं. तो झालाही. १९९८मध्ये मृत्यू येईपर्यंत इंटरनेटच्या आकड्यांची नोंद पोस्टेल यांच्याच देखरेखीखाली राहिली.

१९७४मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना जोडण्याची योजना मांडली. त्यांनी नेटवर्कच्या क्रमांकासाठी आठच बिट ठेवले होते. जगात २५६ नेटवर्कं नजीकच्या काळात पुरेशी होतील, असा त्यांचा अंदाज होता. त्या काळी संगणक खोलीएवढे असत, तेव्हा हा अंदाज वेडगळ नव्हता. पुढे सप्टेंबर १९८१मध्ये पोस्टेल यांनी संपादित केलेल्या नियमपत्रात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे १९२.१६८.१.१सारख्या चार आकड्यांचा, म्हणून पक्का झाला. त्यातून ४२९ कोटींहून थोडे जास्त पत्ते निघतात, म्हणजे तेव्हाच्या जगात दर माणशी एकाहूनही थोडे कमी. हे सगळं एका प्रयोगापुरतं आहे, असं आपण धरून चाललो होतो, असं सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. १ जानेवारी १९८३ला अर्पानेट या पद्धतीवर आलं आणि प्रयोगाचाच पाया झाला.

वाटप मात्र अगदी सढळ हाताने झालं. १८ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर पत्ते, एमआयटी या एका विद्यापीठाला मिळाले. १७ने सुरू होणारे अ‍ॅपलला, १९ने सुरू होणारे फोर्डला. आपल्याकडे तेव्हा काय होतं? १९८६मध्ये एर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याचं काम सुरू झालं. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी त्यात होत्या. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलच्या हातून. आपण रांगेत उभे राहिलो तेव्हा अनेक मोठमोठे तुकडे कधीच वाटून झाले होते. आज जव्हारच्या घराला जगात स्वतःचा असा जुन्या, ३२ बिटांच्या पद्धतीचा पत्ता सहसा मिळत नाही, त्याचं एक मूळ त्या वाटपात आहे. पहिल्या येणाऱ्याला कोटी आणि मागून येणाऱ्याला चिमूटभर, हा अन्याय जाणूनबुजून केलेला नसला, तरी अन्यायच होता असं मला वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तंगी दिसू लागली. मार्च १९९४मध्ये चार जणांनी एक प्रस्ताव मांडला. त्यांत आयबीएमचे याकोव्ह रेख्टर होते, तसे क्रायस्लर या मोटार कंपनीतले रॉबर्ट मॉस्कोविट्झही होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. विमानतळावरच्या येण्याजाण्याच्या वेळा दाखवणाऱ्या पाट्या, मोठ्या दुकानांतली गल्ल्याची यंत्रं, यांना बाहेरच्या जगाशी थेट बोलायचंच नसतं. मग त्यांच्यावर जगात एकमेव असलेला पत्ता कशाला खर्च करायचा? तीन गट बाजूला काढा. १०ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. कुणीही ते आपल्या आवारात, कुणालाही न विचारता वापरावेत. आवाराबाहेर मात्र त्यांना किंमत नाही. यातला १०चा गट म्हणजे खुद्द अर्पानेटचा जुना क्रमांक. अर्पानेट १९९०मध्ये बंद झालं आणि तो मोकळा झाला होता.

यावर मोठा वाद पेटला. जुलै १९९४मध्येच इलियट लिअर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उलट टिपण काढलं. पत्ता जगात एकमेव असणं हाच इंटरनेटचा प्राण आहे. उद्या दोन कंपन्या एक झाल्या आणि दोघींनी आत तेच आकडे वापरलेले असले, तर काय करणार, हा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता आणि पुढे अनेक कंपन्यांना तो भोगावा लागला. तरीही फेब्रुवारी १९९६मध्ये सुधारलेला दस्तऐवज आला, तेव्हा त्याच्या लेखकांत पाचवं नाव इलियट लिअर यांचं होतं. ज्याने विरोध केला, तोच मसुदा नीट करायला बसला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

दस्तऐवजाच्या उदाहरणांत विमानतळ होता, बँका होत्या, दुकानांच्या साखळ्या होत्या. घरांसाठी हे आकडे मागून कामी आले. त्यांना दार उघडून दिलं ते नॅटने. मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी हे तंत्र तात्पुरता उपाय म्हणून मांडलं. आतल्या सगळ्या यंत्रांचं बोलणं राउटर स्वतःच्या एकाच बाहेरच्या पत्त्यावरून पाठवतो आणि उत्तर कुणाचं, याची नोंद स्वतःपाशी ठेवतो. तीस वर्षं उलटली, तो तात्पुरता उपाय अजून आपल्या घरात चालू आहे.

मग आत कोणाला कोणता आकडा? १९८४-८५च्या सुमारास डिस्क नसलेल्या संगणकांना सुरू होताच स्वतःचा पत्ता विचारता यावा, म्हणून आरएआरपी आणि बूटपी निघाले. त्याच कुळात ऑक्टोबर १९९३मध्ये राल्फ ड्रॉम्स यांनी डीएचसीपी आणलं. तुमचा फोन वायफायला लागतो तेव्हा चार गोष्टी घडतात. फोन हाक मारतो, राउटर एक आकडा देऊ करतो, फोन तोच मागतो, राउटर मंजूर करतो. मंजुरी मुदतीची असते. मुदत संपण्याआधी फोन ती वाढवून घेतो.

पाड्यावर जिथे रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते, तिथे हे सगळं काम एक मोबाईल करतो. हॉटस्पॉट सुरू केला की तोच राउटर, तोच वाटप करणारा. जुन्या अँड्रॉइड फोनांचा स्वतःचा आकडा १९२.१६८.४३.१ असे, आयफोनच्या हॉटस्पॉटवर १७२.२०.१० हा गट दिसतो. जिओच्या घरगुती राउटरचा १९२.१६८.२९.१. सगळे त्याच १९९६च्या कुळातले.

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात लाईट जाते-येते, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. बऱ्याच स्वस्त राउटरांत वाटलेल्या आकड्यांची यादी वीज गेली की पुसली जाते. परत आल्यावर ज्याची हाक आधी, त्याला पहिला मोकळा आकडा, असं होऊ शकतं. काल प्रिंटर १९२.१६८.१.५वर होता, आज तिथे कुणाचातरी फोन. दाखल्यांचे फॉर्म काढून देणाऱ्या घरगुती दुकानात गिऱ्हाईक उभं असतं आणि संगणक म्हणतो, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर बिघडलेला नसतो, त्याचा आकडा बदललेला असतो. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरवर किंवा संगणकावर १६९.२५४ने सुरू होणारा आकडा दिसला, तर समजावं, की हाकेला कुणी ओ दिली नाही आणि यंत्राने स्वतःच एक आकडा घेतला आहे. राउटर पूर्ण सुरू झाला, की ते यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं.

उपाय दोन. पहिला, प्रिंटरमध्येच आकडा हाताने भरणं. तो भरताना लोक हमखास राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातलाच आकडा निवडतात. राउटरला त्याची कल्पना नसते, तो तोच आकडा एखाद्या फोनलाही देऊन बसतो आणि दोघेही अडतात. म्हणून ब्राउझरमध्ये राउटरचा आकडा टाकून त्याच्या पानावर जावं, वाटपाचा पट्टा (पत्त्यातला शेवटचा आकडा) १०० ते २०० असा करावा आणि हाताने भरायचे आकडे २ ते ९९मधून घ्यावेत. ० आणि २५५ कुणालाच द्यायचे नसतात. दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे: राउटरमध्येच नोंद करणं, की या मॅक क्रमांकाच्या (म्हणजे कारखान्यातच यंत्राला मिळालेल्या क्रमांकाच्या) यंत्राला कायम हाच आकडा. ही नोंद सेटिंगमध्ये राहते, लाईट गेली तरी पुसत नाही. फोनच्या बाबतीत एक मेख आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन खऱ्या मॅक क्रमांकाऐवजी बनावट दाखवू शकतात. फोनसाठी आकडा राखायचा असेल, तर त्या वायफायपुरती ती सोय बंद करावी. आणि कोणत्या यंत्राला कोणता आकडा, हे घरातल्या वहीत लिहून ठेवावं. पोस्टेल यांनी जगासाठी जे केलं, तेच काम छोट्या प्रमाणात.

घराबाहेरची गोष्ट निराळी. बोईसरला किंवा भिवंडीला कामाला असलेल्या मुलाला घरचा कॅमेरा बघायचा असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसला, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीने घराच्याही वर आणखी एक नॅट लावलेलं आहे. हा गट एप्रिल २०१२मध्ये खास त्यासाठीच राखला गेला. मग राउटरमध्ये कितीही वाटा उघडल्या, तरी बाहेरून थेट आत येता येत नाही. कॅमेऱ्याचं अ‍ॅप तरीही चालतं, कारण कॅमेरा स्वतःच बाहेर जाऊन कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरला गाठतो. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे तुकडे ३ फेब्रुवारी २०११लाच वाटून संपले होते, त्यामुळे इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांपुढेही फारसा पर्याय नव्हता.

यावरचं खरं उत्तर १९९५मध्येच लिहून झालं होतं: १२८ बिटांचा आयपीव्ही६. भारतात तो मोठ्या प्रमाणावर घरोघरी पोचला तो २०१६मध्ये, जिओच्या मोबाईलबरोबर. आज जिओच्या फोनच्या सेटिंगमध्ये २४०९ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो, तो हाच. घराला मिळणाऱ्या एका लहानशा तुकड्यात १९८१च्या सगळ्या इंटरनेटपेक्षा चारशे कोटीपटींहून जास्त पत्ते असतात आणि त्यातला प्रत्येक जगात एकमेव असतो. इलियट लिअर ज्यासाठी भांडत होते, ते आता जव्हारच्या कॅमेऱ्यालाही मिळू शकतं. मात्र नॅटच्या आडोशाने आतली यंत्रं बाहेरून दिसत नसत, तो आडोसा इथे नाही. म्हणून राउटरच्या पानावर आयपीव्ही६चं फायरवॉल चालू आहे ना, हे पाहावं आणि कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.