तंबू कुणाच्या खांद्यावर? आपल्या डोंगरातल्या शिकारीच्या मुक्कामाची गोष्ट

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. सप्टेंबर उजाडला की हे लोक पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरात शिरतात आणि अर्धा व्हिडिओ एकाच वादात जातो: तंबू कोणता आणि स्टो कोणता? एकेका ग्रॅमचा हिशेब. ते बघता बघता मला प्रश्न पडला, की आपल्या कोल्हापूर भागात पाऊस संपता संपता रानात शिरणारे लोक काय घेऊन जात असतील? त्यातून हा एपिसोड झाला. आणि आधीच सांगतो, हा इतिहास आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे 'कुठं जायचं, दादा?' असल्या कमेंट नकोत.

आधी भूगोल. आपलं गडहिंग्लज दोन रानांच्या मधोमध आहे. पूर्वेला संकेश्वर, बेळगावकडे उघडा माळ. पश्चिमेला आजरा, आंबोली, आणि वर राधानगरी-दाजीपूरचं घनदाट जंगल. माळावरची शिकार वेगळी. कोल्हापूर संस्थान चित्त्याच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. आपल्याकडचे चित्ते कमी झाले तेव्हा संस्थानाने ते आफ्रिकेतून आणवले. पण माळ घराजवळ. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी. मुक्कामाचा प्रश्न येतो तो पश्चिमेच्या जंगलात.

आणि तिथं पावसाळा संपतानाचे दिवस सगळ्यात अवघड. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येतं, म्हणून पाणवठ्याजवळ मचाण बांधून बसता येतं. दसऱ्याच्या सुमाराला ओढे-नाले सगळीकडे वाहत असतात, गवत माणसाएवढं वाढलेलं. जनावर कुठंही असू शकतं. म्हणजे बसून चालत नाही, फिरत राहावं लागतं. फिरायचं तर निवारा हलका पाहिजे. त्यात आपले सडे म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारं. वर बोटभर माती, खाली कातळ. तंबूची खुंटी आत जाईल कशी? दोर दगडांना बांधायचे. जळण सगळं ओलं. पेटवलं तर धूरच जास्त, आणि गव्याचं नाक फार तीक्ष्ण.

आता यावर साहेबाचं उत्तर काय होतं बघा. ब्रिटिशांच्या काळात तंबू वजनावरून ओळखले जायचे: चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी. ऐंशी पौंड म्हणजे साधारण ३६ किलो. हे कोरडं वजन. पावसात भिजलेलं जाड सुती कापड किती जड होतं ते घरातली ओली चादर उचलून बघा. 'स्विस कॉटेज' नावाचा तंबू तर आणखी मोठा, दुहेरी छताचा, चारी बाजूंनी कनाती. हा थाट त्यांनी काही विलायतेतून आणला नव्हता. मुघल बादशहाच्या छावणीत तंबूंचे दोन संच असायचे. बादशहा एका मुक्कामावर झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना व्हायचा, म्हणजे तो पोचेपर्यंत सगळं उभं. त्याला पेशखाना म्हणायचे. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या कॅम्पला तोच नमुना होता.

मला इथं खरा प्रश्न दिसतो. ३६ किलोचा तंबू निवडणाऱ्याला वजनाची काळजी का नव्हती? कारण तो ते उचलत नव्हता. वाटेवरच्या गावांनी ओझी वाहायची, जळण आणून द्यायचं, हाका घालायला माणसं द्यायची. त्याला वेठबिगार म्हणत. मोबदला मिळाला तर मिळाला. सुगीच्या तोंडावर शेतातलं काम टाकून परक्याच्या तंबूचे बांबू डोंगरावर चढवायचे, हा त्या निवडीचा खर्च होता, आणि तो गावातला सगळ्यात खालचा माणूस भरत होता.

यात राजर्षी शाहू महाराज मला फार महत्त्वाचे वाटतात. स्वतः पट्टीचे शिकारी. दाजीपूरचं जंगल हे संस्थानचंच शिकारीचं राखीव रान. पण १९१८ ते १९२० या काळात महार वतन आणि वेठबिगार बंद करण्याचे निर्णय याच माणसाने घेतले. ज्या व्यवस्थेवर शिकारीचा थाट उभा होता, तिचाच एक खांब त्यांनी काढला. शिकार सोडली नाही, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच बघायला हव्यात.

आणि दुसरी गोष्ट फासेपारध्यांची. या मुलखातले खरे शिकारी हेच. फास आणि वागूर ही हत्यारं, आणि निवारा म्हणजे पाल. दोन-चार काठ्या, वर कापड किंवा गवत. मोडलं की डोक्यावर घेऊन चालू लागायचं. स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर, आणि दगड तर पुढच्या मुक्कामालाही मिळतातच. अमेरिकन यूट्यूबर ज्याला 'अल्ट्रालाइट' म्हणतो ते हेच नाही का? फरक एवढाच, की इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून असल्या फिरत्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. रोज चौकीवर हजेरी द्यायची. मग पाल हलवणार कसं? शाहू महाराजांनी कोल्हापुरात ही हजेरी बंद केली, पारध्यांना नोकऱ्या दिल्या, जवळ ठेवलं. बाकी देशात तो कायदा जायला १९५२ उजाडलं. एकाच रानात एकाची शिकार हा शौक आणि दुसऱ्याची शिकार हा गुन्हा.

निवाऱ्याचं अजून एक उत्तर आपल्या धनगरांकडे होतं: घोंगडं. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, विणताना चिंचोक्याची खळ दिलेलं. डोक्यावरून खोळ घेतली की रेनकोट, खाली अंथरलं की गादी, अंगावर घेतलं की रजई. भिजलं तरी ऊब पूर्ण जात नाही. तोटा म्हणजे वजन आणि वास. पण खुंटी लागत नाही, आणि सड्यावर ही फार मोठी गोष्ट आहे!

चुलीकडे येऊ. चूल आणि निवारा एकमेकांजवळ आले की धोका, हे आपल्याकडे शिवाजी महाराजांनीच लिहून ठेवलंय. १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीला पाठवलेल्या पत्रात ते बारीकसारीक बजावतात: चुली पेटवताना, शेकोट्या करताना, तंबाखूसाठी विस्तव नेताना वाऱ्याचं भान ठेवा. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताची गंजी जाईल, घोडी उपाशी मरतील. राजा उंदराचा विचार करतोय! सेफ्टी मॅन्युअल म्हणून हे पत्र आजही वाचावं.

ओल्या जळणावरचा तोडगा १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघाला. लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने पंपाचा रॉकेलचा स्टो बनवला, तोच प्रायमस. आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत. काजळी नाही, धूर जवळजवळ नाही. १९११ मध्ये तो अमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला आणि १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेतही होता. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात फर्रर्र आवाज करणारा आणि सारखी पिन मागणारा पितळी स्टो याच घराण्यातला. चूल पेटवायला जळण गोळा करणारी माणसं लागायची; स्टोला एक बाटली रॉकेल पुरतं. चार लोकांचं ओझं एका पिशवीत आलं, म्हणजे वेठीची गरज यंत्रानेही थोडी कमी केली.

दाजीपूरला १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. २०१२ मध्ये राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आता तिथं आग पेटवायला कायद्याने बंदी आहे, मुक्काम वनखात्याच्या परवानगीनेच, आणि लपणात बसणारा माणूस कॅमेरा घेऊन बसतो. गवे आहेत. पारध्यांची पालं मात्र आता रानात नाही, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत आणि रस्त्याकडेला दिसतात, आणि कुठं चोरी झाली की पोलीस अजून आधी तिकडेच जातात.

पुढच्या भागात सामानगड आणि १८४४ चं गडकऱ्यांचं बंड. भेटू.