लाखोरी आणि पायांचे बळ

वैनगंगेच्या एका तीरावर ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि दुसऱ्या तीरावर आरमोरी, वडसा, कुरखेडा असा जो धानाचा मुलूख पसरला आहे, त्याला लोक झाडीपट्टी म्हणतात. पावसाळा सरला, तलावांचे पाणी निवळले आणि बांधीतील धान अजून उभेच आहे, अशा वेळी येथील शेतकरी त्या उभ्या पिकात लाखोरीचे बी फेकून देतो. त्याला नांगरट लागत नाही, खत लागत नाही. धान कापून नेल्यावर मातीत जी ओल उरते तिच्यावरच ते वाढते आणि थंडीत निळी फुले धरते. या पेरणीला उतेरा म्हणतात. दाणा तळहातावर घेऊन पाहावा, तर तो वाटाण्यासारखा गोल नसतो. लाकूड फोडायच्या पाचरीसारखा एका बाजूने निमुळता आणि करड्या रंगाचा असतो. सोलून डाळ केली म्हणजे मात्र ती तुरीच्या डाळीसारखी पिवळी दिसते, आणि याच सारखेपणाचा फायदा घेऊन तुरीच्या डाळीत व बेसनात तिची भेसळ होत आली.

या पिकाविषयीचा संशय फार जुना आहे. चालू लागताना ज्याला कंप सुटतो आणि जो लंगडत पाऊल टाकतो, अशा रोग्याचे वर्णन सुश्रुताने वातव्याधींमध्ये ‘कलायखंज’ या नावाने केले. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचे धान्य. सोळाव्या शतकातील भावमिश्राने त्रिपुट नावाच्या कडधान्याला पांगळेपणाचे कारण ठरविले. पुढे सागर भागात 1829 पासून लागोपाठ गव्हाचे पीक बुडाले, लोकांनी त्याऐवजी हेच धान्य खाल्ले, आणि काही वर्षांत तिशीच्या आतले तरुण पायांनी अधू होऊ लागले, अशी नोंद कर्नल स्लीमन यांनी 1844 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे. 1854 मध्ये भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये सागर, नागपूर व चांदा हे मुलूख मध्यप्रांत नावाच्या एकाच अमलाखाली आले. शतकाच्या अखेरीस या प्रांतावर दोन भयंकर दुष्काळ कोसळले; तेव्हा 1896 ते 1902 या काळातील या व्याधीची सरकारी चौकशी होऊन अँड्र्यू ब्युकॅनन यांचा अहवाल 1904 साली नागपुरात छापला गेला.

या व्याधीत शरीराच्या आत काय घडते, हे समजून घेतल्याखेरीज तिची क्रूरता लक्षात येत नाही. पाऊल उचलण्याचा हुकूम मेंदूच्या माथ्यावरील पेशींतून निघतो आणि मज्जारज्जूतून कंबरेपर्यंत उतरतो. पायांकडे जाणारे हे तंतू त्या वाटेवरील सर्वांत लांब तंतू होत. स्नायूंना नुसती आज्ञा देणे एवढेच त्यांचे काम नसून स्नायूंचा ताण आवरून धरणे हेही त्यांच्याकडे असते. म्हणून ते खराब झाले की पाय लुळे पडत नाहीत, उलट ताठरतात. पोटऱ्या आवळतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, आणि चालताना गुडघे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर येतात. पुष्कळांच्या बाबतीत हे एका रात्रीत घडते: धडधाकट निजलेला मजूर पहाटे उठू लागतो आणि पाय त्याचे ऐकत नाहीत. प्रथम एक काठी, मग दोन काठ्या, आणि ज्याचे नशीब अधिकच खडतर त्याला हातांवर सरपटणे, अशा या रोगाच्या पायऱ्या आहेत. वाचा, स्मृती, हातांचे कसब आणि स्पर्शाची जाणीव ही मात्र शाबूत राहतात, म्हणजे आपण काय गमावले हे त्या माणसाला अखेरपर्यंत पुरते कळत राहते. आणि गेलेले बळ परत येत नाही.

1964 साली भारतीय शास्त्रज्ञांनी लाखोरीतील विषारी द्रव्य वेगळे करून दाखविले. मेंदूतील पेशी ज्या रसायनाने एकमेकींना निरोप देतात, त्या ग्लुटामेटशी या द्रव्याचे साम्य आहे. त्यामुळे पेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. परंतु येथेच इतिहासाचा खरा प्रश्न उभा राहतो. झाडीपट्टीतील असंख्य घरांनी लाखोरीचे वरण व वडे खाल्ले आणि ती घरे ताठ पायांनी चालत राहिली; कारण तेथे लाखोरीच्या शेजारी भात, भाजी व ताक होते. जेवणाचा मोठा भाग दोन-तीन महिने केवळ या धान्याचा झाला म्हणजे ते पायांवर उठते. डाळ भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो, पण दुष्काळात पाणीच दुर्मिळ होते. आणि त्याहून दारुण गोष्ट ही की पाण्याचा ताण पडला म्हणजे दाण्यातील विष वाढते. ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही, त्याच वर्षी हे धान्य अधिक घातक होते. रेवा भागात तर मजुरांना मजुरीच या धान्यात मिळे. मालगुजाराच्या कोठारात गहू व धान, आणि मजुराच्या पदरात लाखोरी, अशी वाटणी जेथे रूढ झाली तेथे कोणाचे पाय जाणार, हे खळ्यावरच ठरत होते.

1961 साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोरीच्या विक्रीवर मनाईची तरतूद झाली. मनाईचा हेतू शुद्ध होता, यात मला शंका नाही. तथापि बांधीत ओल उरते तोवर उतेरा चालूच राहिला, आणि नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही मनाई उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. दरम्यान कृषिशास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे अल्पविष वाण तयार केले, हे या इतिहासातील आशादायक प्रकरण होय.

असे असले तरी वाण बदलल्याने सारे काम संपले असे मी मानीत नाही. मेंदूपासून पावलापर्यंतची ती लांब वाट शाबूत राहायची, तर तिच्या धन्याला रोजच्या जेवणात एकाहून अधिक पदार्थ मिळाले पाहिजेत. यंदा उतेऱ्याचे बी ज्या हाताने बांधीत पडेल, त्या हाताच्या घरी फाल्गुनात धान उरले आहे की नाही, हे विचारणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.