त्र्यंबोलीची भेट

नवरात्र बसलें म्हणजे घरचे देव हलवावयाचे नाहींत, हा महाराष्ट्रांत घरोघरचा नियम. करवीरची श्रीमहालक्ष्मी मात्र ऐन नवरात्रांत, आश्विन शुद्ध पंचमीला, पालखींत बसून गांवाबाहेर निघते. कारण एका रुसलेल्या सखीची समजूत घालावयाची असते.

क्षेत्रमाहात्म्यांतील कथा अशी : देवीनें कोल्हासुराचा वध केला. मरतांना त्यानें मागितलें कीं, या स्थानाला आपलें नांव असावें व प्रतिवर्षीं कोहळ्याचा बळी मिळावा. पुढें त्याच्या कामाक्ष नामक पुत्रानें योगदंडाच्या बळावर महालक्ष्मीसह सर्व देवांचीं मेंढरें केलीं. त्र्यंबोलीनें युक्तीनें तो दंड मिळविला, कामाक्षास मारिलें आणि देवांना सोडविलें. पण विजयोत्सवाच्या गडबडींत तिलाच बोलावणें राहून गेलें! ती रागानें पूर्वेकडील टेकडीवर करवीराकडे पाठ करून बसली. मग महालक्ष्मी स्वतः तिच्या दारीं गेली. लोक या त्र्यंबोलीला टेंबलाई म्हणतात.

नांवाची ही उपपत्ति इतिहासाच्या कसोटीला उतरणारी नव्हे. स्थळाच्या नांवावरून दैत्य कल्पिणें हा पुराणकारांचा नेहमींचा परिपाठ. मात्र बळीची गोष्ट इतकी सहज सोडून देण्यासारखी नाहीं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष यानें प्रजेवरील अरिष्ट टळावें म्हणून आपल्या डाव्या हाताचें बोट महालक्ष्मीला अर्पण केलें, असें शके ७९३ च्या संजान ताम्रपटांत नमूद आहे. ती देवी करवीरचीच, असें अनेक संशोधक मानतात. राजाच्या बोटाशेजारीं कोहळा ठेवून पाहिला म्हणजे उपासना किती सौम्य झाली तें दिसतें. कोहळा हा जिवंत बळीचा प्रतिनिधि, हें धर्मशास्त्रास मान्यच आहे.

टेकडीवर महालक्ष्मीबरोबर तुळजाभवानी व गुरुमहाराज यांच्याही पालख्या जातात. दोघी देवींची भेट होते. छत्रपति घराण्याच्या उपस्थितींत कुमारिकेचें पूजन होतें व तिच्याच हातच्या त्रिशूळानें कोहळा भेदला जातो. पुढच्याच क्षणीं त्याच्या तुकड्यांसाठीं अशी झुंबड उडते कीं, भल्याभल्यांचीं पागोटीं उडावीं! हा हव्यास कथेंतील रुसव्यापेक्षां जुना असावा.

खुद्द महालक्ष्मीलाही एकदां घराबाहेर राहावें लागलें होतें. मोंगली धामधुमींत तिची मूर्ति पुजाऱ्याच्या घरीं लपविली होती. करवीरच्या संभाजी महाराजांच्या आज्ञेनें सिदोजी हिंदुराव घोरपडे यांनीं २६ सप्टेंबर १७१५ रोजीं तिची पुनःस्थापना केली. तो दिवस विजयादशमीचा होता. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याचे दरबार, दप्तर, शिक्के इतिहासजमा झाले. पंचमीच्या पालख्या अजूनही टेंबलाईची टेकडी चढतात, आणि त्या मंदिरांत परत येईपर्यंत वाटेवरच्या घरांतून बायका ओवाळण्यास उभ्या असतात.