डेटाबेस-आवृत्त्यांचे सहचालन
दूरस्थ सामाईक संगणकावर (सर्व्हरवर) एकाच डेटाबेस-प्रणालीच्या दोन वा अधिक आवृत्त्या परस्परांना बाधा न आणता एकाच वेळी चालविण्याची पद्धती. विशिष्ट रचनेने साठविलेल्या माहितीसंग्रहास डेटाबेस म्हणतात आणि त्यातील माहितीची नोंद, शोध व राखण करणाऱ्या आज्ञावलीस डेटाबेस-प्रणाली म्हणतात. आज्ञावली काही वर्षांतच जुनी होते. माहिती मात्र अनेक दशके जतन करावी लागते. या विसंगतीतून सहचालनाची गरज निर्माण झाली.

एक संगणक अनेकांनी वेळ वाटून वापरण्याची पद्धती फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रत्यक्ष चालवून दाखविली. आय्. बी. एम्. कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात १९६७ मध्ये वापरात आलेल्या सीपी-४० या प्रणालीने एका यंत्रावर अनेक ‘आभासी संगणक’ निर्माण केले. याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. तिच्यामुळे नेहमीचे काम जुन्या कार्यकारी प्रणालीवर चालू ठेवून त्याच यंत्रावर नव्या प्रणालीची चाचणी घेता येऊ लागली.

डेटाबेसच्या क्षेत्रातील सहचालनाचे स्वरूप पोस्टग्रेस्क्यूएलच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टग्रेस’ प्रकल्पातून ही प्रणाली उदयास आली. तिला सध्याचे नाव १९९६ मध्ये मिळाले. तिच्या एका प्रमुख आवृत्तीने लिहिलेली माहिती दुसरीस थेट वापरता येत नाही. प्रत्येक माहितीसंग्रहात आवृत्ती-क्रमांकाची नोंद असते व ती न जुळल्यास प्रणाली सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक आवृत्तीस स्वतंत्र आज्ञावली, स्वतंत्र माहितीसंग्रह व स्वतंत्र पोर्ट-क्रमांक द्यावा लागतो. बाहेरून आलेली मागणी कोणत्या आवृत्तीकडे जावी, हे या क्रमांकावरून ठरते. नेहमीचा क्रमांक ५४३२ असतो. दुसऱ्या आवृत्तीस उदा., ५४३३ हा देतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ४.० या कार्यकारी प्रणालीत ७.४ व ८.१ या दोन्ही आवृत्त्या अशा रीतीने शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय होती.

या व्यवस्थेचे महत्त्व २००८ मधील ८.३ या आवृत्तीच्या वेळी दिसून आले. संख्या व मजकूर यांचे आपोआप होणारे अनेक रूपांतर-प्रकार या आवृत्तीत बंद करण्यात आले. परिणामी अशा रूपांतरावर विसंबून लिहिलेले व वर्षानुवर्षे चालत आलेले उपयोजन एकाएकी अडू लागले. सामाईक यंत्रावर सर्वांसाठी एकच आवृत्ती असल्यास एकास हवी असलेली सुधारणा दुसऱ्याचे काम बंद पाडू शकते. सहचालनात जुनी आवृत्ती चालू असतानाच माहितीची प्रत नव्या आवृत्तीत उतरवितात, उत्तरे पडताळून पाहतात व नंतरच वापरकर्त्यांना तिकडे वळवितात. ९.० (२०१०) या आवृत्तीबरोबर आलेल्या पीजी-अपग्रेड या साधनाने हे स्थलांतर जलद केले. तथापि त्यासाठीही जुनी व नवी अशा दोन्ही आज्ञावल्या यंत्रावर असाव्या लागतात.

२०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे प्रत्येक आवृत्ती तिच्या आवश्यक साहित्यासह स्वतंत्र कप्प्यात ठेवणे सुलभ झाले. तरीही स्मृती व चकती सर्व आवृत्त्यांत वाटली जाते आणि यंत्र बंद पडल्यास सर्वच आवृत्त्या बंद पडतात. शिवाय पोस्टग्रेस्क्यूएलच्या प्रत्येक प्रमुख आवृत्तीस सुरक्षाविषयक दुरुस्त्या सुमारे ५ वर्षेच मिळतात. त्यानंतर चालू राहिलेली जुनी आवृत्ती त्या यंत्रावरील इतरांच्या माहितीसही धोक्याची ठरते. म्हणून पडताळणी पूर्ण होताच ती निवृत्त करणे इष्ट असते.