बोनस, गड्डा आणि ९९९९९९९ इन वन

कन्सोलवाल्यांच्या भांडणाची गोष्ट सांगायची म्हटली की लोक १९९१ च्या नाताळापासून सुरुवात करतात. निन्टेन्डोने त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सुपर निन्टेन्डो आणला, किंमत १९९ डॉलर. सेगाचं जेनेसिस तिथे १९८९ पासूनच होतं. सेगाने काय केलं, तर किंमत १४९ वर आणली आणि खोक्यात सॉनिक फुकट टाकला. त्या सीझनला सेगाची मशीन्स सुपर निन्टेन्डोच्या जवळजवळ दुप्पट खपली असं सांगतात. मार्केटिंगच्या वर्गात अजून ही केस स्टडी म्हणून शिकवायला हरकत नाही, इतकी ती साधी आणि सुंदर आहे.

इंजिनिअरिंगला असताना रात्री जागून (अर्थात सबमिशनच्या आदल्या रात्री!) हे सगळं वाचायचो तेव्हा मला कायम एक प्रश्न पडायचा. हे चाललं होतं तेव्हा आमच्या सोलापुरात काय चाललं होतं?

तर मंडळी, सेगा भारतात आलं होतं, आणि तेही अधिकृतपणे. नव्वदच्या दशकात शॉ वॉलेसबरोबर करार करून. हो, तेच शॉ वॉलेस, दारूवाले. कारण सरळ होतं: आयात शुल्क होतं ८० टक्के, आणि ते टाळायला कुणीतरी देशी भागीदार हवा होता. एवढं करूनही मशीनची किंमत पडली १८,००० रुपये. त्या काळचे अठरा हजार! सॉनिक कितीही जोरात पळत असला तरी त्या किमतीला तो सोलापूरपर्यंत पळत येणं कठीणच होतं.

सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला नको. यंत्रमाग, विड्या, छोटे कारखाने. अशा गावात 'हॉलिडे सीझन' म्हणजे बोनस. बोनस हातात पडतो तो दिवाळीच्या आधी, कपडे, फटाके, फराळ यांत तो जातो, आणि त्यातून काही उरलंच तर पोरांचा हट्ट. हट्टाचा दुसरा हप्ता जानेवारीत, गड्ड्याला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, आणि होम मैदानावर पाळणे, मौत का कुआं, खेळण्यांचे स्टॉल लागतात. त्या सगळ्याला मिळून आम्ही गड्डा म्हणतो. पाव्हण्यांना आधी शब्दाचं हसू येतं, मग ते भजी खाऊन गप्प बसतात.)

आता आकडे बघा, कारण खरी गंमत त्यातच आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात आणलं सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे दिवाळीच्या बरोबर तोंडावर. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. साधं मॉडेल १९,९९०, वरचं २३,९९०. त्या वेळी बोनसच्या कायद्यात बोनस मोजायला महिना २,५०० रुपये ही पगाराची मर्यादा होती आणि किमान दर ८.३३ टक्के. म्हणजे कायद्याने मिळणारा किमान बोनस वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजाराच्या आसपास. भागाकार करा. वरच्या मॉडेलसाठी एका कामगाराचे साडेनऊ वर्षांचे बोनस, आणि त्यात ना चकली ना फटाका. प्लेस्टेशन ३ तर एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० ला आलं. तिथे सोळा वर्षं!

मग त्या दिवाळीला आमच्या गल्लीत आलं काय? तर साडेपाचशे रुपयांचा व्हिडिओ गेम. डबा दिसायला प्लेस्टेशनसारखा, नाव प्लेस्टेशनच्या जवळपास जाणारं पण नक्की वाचता न येणारं, झाकण उघडलं की आत डीव्हीडीची जागा नाहीच, कॅसेटची खाच. सोबत '९९९९९९९ इन वन' कॅसेट. त्यातले वेगळे गेम मोजून वीसेक असतील, पुढे सगळे तेच, नुसती नावं बदललेली. मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा, बदकं मारायचा. माझ्याआधीच्या पिढीकडे समुराई, लिटल मास्टर, मीडिया असायचे. आतला माल तोच.

इथे जरा इंजिनिअरगिरी करू द्या. ही सगळी निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची पिलावळ. फॅमिकॉम जपानमध्ये निघालं १९८३ ला. दोन केबी रॅम आणि ६५०२ जातीचा प्रोसेसर, तोही पावणेदोन मेगाहर्ट्झचा. १९८५ ला अमेरिकेत नेताना निन्टेन्डोने त्यात एक कुलूप घातलं, म्हणजे कॅसेट खरी आहे का ते तपासणारी चिप. पण मूळ जपानी मशीनमध्ये हे कुलूप नव्हतंच. नक्कल करणाऱ्यांनी साहजिकच ६० पिनांचं जपानी मॉडेल उचललं. पुढे अख्खं मशीन एका चिपवर मावायला लागलं आणि वर काळ्या डिंकासारखा थेंब टाकून बोर्ड तयार. म्हणून साडेपाचशे. आणि आपल्या पाल टीव्हीसाठी ते सेकंदाला साठऐवजी पन्नास फ्रेम दाखवायचं, त्यामुळे आपला मारिओ जपानी मारिओपेक्षा जरा निवांतच चालायचा. सोलापूरच्या उन्हात ते शोभूनही दिसायचं.

त्यात गेम सेव्ह करायची सोय नव्हती. आणि २००६-०७ म्हणजे भारनियमनाचा काळ! काँट्राच्या शेवटच्या टप्प्यावर पोचावं आणि दिवे जावेत, मग अंधारात दोन घरं पलीकडून आवाज: "काय करूलालास बे?" दिवे आले की पहिल्यापासून. त्या वेळापत्रकाने आम्हाला जितकं काँट्रा शिकवलं तितकं कुणीच नाही शिकवलं.

आता कुणी म्हणेल, ही चोरीच की. आहेच. पण मला त्यात चोरीपेक्षा दुसरं काहीतरी महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत सेगा आणि निन्टेन्डो एकमेकांवर तुटून पडले, त्यातून किमती खाली आल्या, गेम चांगले झाले, पोरांचा फायदा झाला. आमच्याकडे त्या लढाईचा हा फायदा कधी पोचलाच नाही. भांडणाऱ्यांना आमचा बाजार मोजण्याइतका वाटत नव्हता. इथे भांडण एकच होतं, अस्सल आणि नक्कल यांचं, आणि ते दुकानात जायच्या आधीच शुल्काच्या तक्त्यात संपलेलं होतं.

त्यातल्या त्यात डोकं चालवलं ते सोनीने. प्लेस्टेशन ३ विकायचं सोडून नाही, पण त्याच्या जोडीला भारतात प्लेस्टेशन २ ची किंमत उतरवत राहिले, दहा हजारांच्या खाली. जग पुढे गेलं तरी २००९ साली त्यावर हैदराबादच्या कंपनीने केलेला हनुमानाचा गेम आला, 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग. ईएचा 'क्रिकेट ०७' प्लेस्टेशन २ वर होता, एक्सबॉक्स ३६० वर नव्हता. ज्याच्याकडे तासावर खेळायला मिळायचं त्या दुकानात निम्मी गर्दी फक्त त्याचीच. युवराज सिंग एक्सबॉक्सच्या जाहिरातीत आणि पोरं त्याच्या नावाने बॅटिंग करतायत प्लेस्टेशन २ वर!

खऱ्या अर्थाने दिवाळीत दोन कंपन्यांची टक्कर व्हायची वेळ आली ती २०२० ला. एक्सबॉक्सची नवी जोडी १० नोव्हेंबरला जगाबरोबरच भारतात आली, ३४,९९० आणि ४९,९९० ला. लक्ष्मीपूजन १४ ला. इतका नेमका मुहूर्त कुठल्याही गुरुजींनी काढून दिला नसता. आणि प्रतिस्पर्धी? गैरहजर. प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबरला आलं, आपल्याकडे थेट २ फेब्रुवारी २०२१ ला. दिवाळी गेली, नाताळ गेला. बुकिंग सुरू झालं १२ जानेवारीला, म्हणजे ऐन गड्ड्यात, ज्या वर्षी कोरोनामुळे यात्रा मोजक्या मानकऱ्यांत उरकली. माल काही मिनिटांत संपला. दोन महिने मैदान मोकळं मिळूनही लोक थांबले ते प्लेस्टेशनसाठीच. माझ्या ऑफिसातले निम्मे त्या दुपारी मीटिंगमध्ये म्यूटवर बसून पेज रिफ्रेश करत होते. इतकी वर्षं दिवाळीत स्वस्त प्लेस्टेशन २ विकत बसल्याचं व्याज सोनीला तिथे मिळालं असं माझं मत आहे.

गेल्या गड्ड्याला भाच्याला घेऊन होम मैदानावर गेलो होतो. भजीच्या स्टॉलच्या पुढे एक माणूस ताडपत्रीवर हातात मावणारे छोटे गेम मांडून बसला होता, त्यावर लिहिलेलं '४०० इन वन'. चालू करून बघितला. पहिला मारिओ, दुसरा काँट्रा. तीनशे सांगितले, अडीचशेला दिला, आणि बॅटरी चार्ज होते म्हणाला, दिवे गेले तरी चालतो.